मोजणीची वही शेवटी कोणाकडे राहते?

मोजपट्टी (धागाकर्ती)

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. विषय आहे वाढत्या शहरांचा, तिथल्या संशोधनाचा आणि लोकांनी स्वतः काढलेल्या वाटांचा. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी वस्तीत वाढले. मला कळायला लागल्यापासून आमचं घर चार वेळा मोजलं गेलं. पहिल्यांदा माणसं आली तेव्हा आईने सतरंजी टाकली, पाणी दिलं, सगळी उत्तरं दिली. चौथ्या वेळी तिने उंबऱ्यातच विचारलं, "मागच्या तिघांनी कागद नेले, त्यांचं काय झालं?" फॉर्म भरायला आलेली मुलगी चांगली होती, उन्हातान्हात फिरत होती बिचारी. म्हणाली, "मावशी, मला फक्त भरून न्यायला सांगितलंय." आईने तिला पाणी दिलं, पण उत्तरं दिली नाहीत.

पुढे वस्तीच्या शौचालयाचा प्रश्न चिघळला. कचेरीत गेलो की एकच ऐकायला मिळायचं, "तुमच्याकडे वीस सीटचं शौचालय आहे, निकषात बसतं." मग एका पहाटे आम्ही नऊ जणी साडेचारला उठलो. दोघी बायकांच्या बाजूला, दोघी पुरुषांच्या, बाकीच्या रांगेत. एक शंभर पानी वही, एक भिंतीवरचं घड्याळ काढून आणलेलं. रांगेत शिरलेल्या प्रत्येकीची वेळ लिहायची, बाहेर पडल्याची वेळ लिहायची. उजाडल्यावर दारं तपासली. वीसपैकी कडी असलेली अकरा. त्यातल्या चार भांड्यांना तुंबारा. बायकांच्या बाजूला बल्ब एकही नाही. पहिल्या तासात आलेल्या मुली सगळ्या दोघी-दोघी मिळून आलेल्या, एक आत आणि एक दार धरून बाहेर.

ती वही आम्ही कचेरीत नेली, पण दिली नाही. दाखवली, त्यांनी हवं ते उतरवून घेतलं, वही परत आणली. काम व्हायला दीड वर्ष लागलं, एका भेटीत कोणी विरघळलं वगैरे नाही. मात्र त्यानंतर "निकषात बसतं" हे वाक्य आम्हाला कोणी पुन्हा ऐकवलं नाही.

नंतर मी सर्वेक्षणाचंच काम करू लागले आणि कळलं की हे आधीही घडलं आहे, फार मोठ्या प्रमाणावर. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फूटपाथवर राहणाऱ्यांबद्दल निकाल दिला. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं मान्य केलं, पण फूटपाथ मोकळे करण्याची वाटही खुली ठेवली. त्या वर्षी स्पार्क या संस्थेने फूटपाथवरच्या बायकांना सोबत घेऊन मोजणी केली, सुमारे सहा हजार कुटुंबांची. तोवर ही माणसं कुठल्याच यादीत नव्हती. झोपडपट्टीच्या गणनेत नाहीत, मतदार म्हणूनही फारशी नाहीत. मोजणीतून दिसलं की ही कालपरवा आलेली गर्दी नव्हे. अनेक जण वर्षानुवर्षं तिथेच राहत होते आणि पायी पोहोचता येईल अशा कामांवर जात होते. त्याच बायकांतून पुढच्या वर्षी महिला मिलन ही त्यांची संघटना उभी राहिली. नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन ही वस्तीवासीयांची संघटना आणि तिचे नेते जोकिन अर्पुथम यांची साथ मिळाली आणि ही मोजणीची रीत आफ्रिकेतल्या वस्त्यांपर्यंत गेली.

माझं म्हणणं एवढंच आहे. शहरावर संशोधन भरपूर होतं, ते व्हावंच. पण ज्या मोजणीची वही वस्तीत राहत नाही, तिचा वस्तीला उपयोग होत नाही. तुमचे अनुभव लिहा. विरोधी मत असेल तर आधी लिहा.

---

आकडेमोड

विरोधी मत आधी मागितलंत म्हणून लिहितो. मी संख्याशास्त्राचा माणूस आहे. लेख मनापासून आवडला, पण एक अडचण तुम्ही बाजूला ठेवली आहे. स्वतःची मोजणी करणाऱ्याला उत्तरात रस असतो. घर मिळणार असेल तर एका घराची दोन होतात, मुलगा कागदावर वेगळा राहू लागतो. पाडापाडीची भीती असेल तर उलटं, माणसं लपतात. बाहेरचा मोजणारा तटस्थ नसेलही, पण त्याला त्या घरात राहायचं नसतं. ही गोष्ट छोटी नाही.

दुसरं, शौचालयाची मोजणी मला पूर्ण पटली, कारण कडी आहे की नाही यात मत असायचं कारण नाही. माणसांची मोजणी त्याहून खूप अवघड.

---

मोजपट्टी

@आकडेमोड, बरोबर बोलताय. शौचालयानंतर आम्ही घरांचीही मोजणी केली, तेव्हा आमच्याकडेही घडलं. एका गल्लीत सव्वीस दारं होती आणि यादीत एकतीस कुटुंबं आली.

उपाय जुनाच आहे, यादी गल्लीत मोठ्याने वाचायची. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळी सगळे जमल्यावर नाव, दार क्रमांक, माणसं, किती वर्षं. शेजाऱ्यासमोर खोटं चालत नाही. एकतीसची सत्तावीस झाली, आणि त्या वाढीव एका कुटुंबाबद्दल गल्लीनेच सांगितलं की ते खरंच वेगळं आहे, पडदा लावून राहतात. बाहेरच्या मोजणाऱ्याला तो पडदा कपडे वाळत घालायची दोरी वाटला होता.

शिवाय दुसऱ्या वस्तीच्या बायकांना तपासायला बोलवायचं आणि आपण त्यांच्याकडे जायचं. त्यांना आपल्या यादीत रस नसतो, पण काय बघायचं ते माहीत असतं.

---

उतार

मी मलनिस्सारण विभागात बत्तीस वर्षं काढली, निवृत्त आहे. कराचीतल्या ओरंगीचं उदाहरण इथे यायलाच हवं. आमच्या धंद्यातल्या माणसाला त्यातून बरंच काही शिकता येतं.

१९८० मध्ये डॉ. अख्तर हमीद खान ओरंगीत आले. प्रचंड अनधिकृत वसाहत, सांडपाणी गल्लीतून उघड्यावर वाहायचं, खड्डा भरला की घरात घुसायचं. लोकांची अपेक्षा होती की सरकार फुकट गटार घालेल. खान महिनोन्महिने फक्त लोकांशी बोलत राहिले, मग एक साधी विभागणी पुढे आली. घरातला संडास, गल्लीतली वाहिनी आणि गल्ल्यांना जोडणारी वाहिनी लोकांनी स्वतःच्या पैशाने घालायची. मुख्य वाहिनी आणि शुद्धीकरण सरकारचं. एकक कोणतं? गल्ली. साधारण वीस ते तीस घरं. ती गल्ली आपल्यातला एक जण निवडणार, तो पैसे गोळा करणार, खान यांची संस्था पैशाला हात लावणार नाही. संस्था देणार ती लेव्हल (म्हणजे उताराची मोजणी), नकाशा, अंदाजपत्रक आणि अवजारं.

हे वाचायला सोपं वाटतं. पण गटाराचं सगळं गणित उतारावर असतं. उतार कमी पडला तर घाण बसते, फार झाला तर पाणी पुढे पळतं आणि मैला मागे राहतो. सुरुवातीला काही गल्ल्यांत सिमेंट बरोबर मुरवलं नाही, काम फुटलं, पुन्हा करावं लागलं. मग वास्तुरचनाकार आरिफ हसन यांच्यासारखी माणसं बसली आणि चेंबरची झाकणं नि साचे लोकांना जमतील असे सोपे करून दिले. कंत्राटदाराचा नफा आणि टक्केवारी गळल्यावर खर्च सरकारी दराच्या कितीतरी खाली आला. एक लाखावर घरांनी अशी वाहिनी घातली.

मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो नंतरचा टप्पा. गल्ल्यांचं पाणी शेवटी नैसर्गिक नाल्यात जात होतं. सरकारी योजना मात्र नाले नाहीतच असं धरून मोठ्या नव्या वाहिन्या आखत होत्या. याच संस्थेतल्या परवीन रहमान आणि त्यांच्यासोबतच्या वस्तीतल्या तरुणांनी नाले आणि वस्त्या पायी फिरून नोंदवल्या. त्यावरून दाखवता आलं की नाले बंदिस्त करून तीच मुख्य वाहिनी करता येते. वस्त्यांच्या नोंदी झाल्या तशी जमिनीवर डोळा असणाऱ्यांची अडचण झाली. १३ मार्च २०१३ ला परवीन रहमान यांची गोळ्या घालून हत्या झाली. नकाशा हा निरुपद्रवी कागद आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि एक सांगतो, कारण "लोकसहभाग" शब्द ऐकला की माझ्या जुन्या खात्यातले काही जण खूश व्हायचे. त्यांना वाटायचं, चला, आपलं काम गेलं. गल्लीतली माणसं शुद्धीकरण केंद्र बांधू शकत नाहीत. त्यांनी बांधावं अशी अपेक्षाही करू नये. ओरंगीतली विभागणी दोन्ही बाजूंना बांधून ठेवते, म्हणून ती मला प्रामाणिक वाटते.

---

जुनी_पानं

उतारकाका, तुमचा प्रतिसाद जपून ठेवते आहे.

मोजणीत स्थानिक माणूस काय करतो याचं एक जुनं उदाहरण. १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती मृत्यूंच्या खुणा केलेला डॉ. जॉन स्नो यांचा नकाशा सगळ्यांना माहीत असतो. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला, ही गोष्टही. पण त्याच भागात हेन्री व्हाइटहेड नावाचे तरुण पाद्री होते. स्नो यांचं म्हणणं त्यांना अजिबात पटलं नव्हतं, ते खोडून काढायलाच त्यांनी घरोघर विचारपूस सुरू केली. प्रत्येक कुटुंब ओळखीचं, कोण कुठे गेलं, कोणी कोणत्या पंपाचं पाणी प्यायलं, आजारी असताना कोणी पाणी आणून दिलं, सगळं विचारता आलं. जितकं विचारलं तितका पंपच खरा ठरत गेला. शेवटी त्यांनाच पहिला रोगी सापडला. ४० नंबरच्या घरातलं तान्हं बाळ. आईने लंगोट धुतलेलं पाणी घराच्या मैलाखड्ड्यात ओतलं होतं, आणि तो खड्डा पंपाच्या विहिरीपासून काही फुटांवर पाझरत होता.

डॉक्टरांजवळ सिद्धांत होता आणि पाद्र्यांना उंबरठ्याच्या आत प्रवेश होता. @आकडेमोड, व्हाइटहेड यांनाही उत्तरात रस होता, चुकीच्या उत्तरात! तरी घरोघर फिरण्याने त्यांना सुधारलं.

आपल्याकडे स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये आले, पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. त्यांचा आग्रह असा की आराखडा काढण्याआधी शहर पायी बघा, आधी निदान मग उपचार. रुंद रस्त्यासाठी अख्खा मोहल्ला पाडण्याऐवजी मोडकळीला आलेली मोजकी घरं काढा आणि हवेला, उजेडाला वाट द्या. इंदूरला त्यांनी सणाच्या मिरवणुकीचा मार्गच असा ठरवला की जी गल्ली सर्वात स्वच्छ, तिथून मिरवणूक जाईल. लोकांनी गल्ल्या झाडून, घरं रंगवून काढली. शंभर वर्षं झाली, आणि अजून आपण आधी पाडतो, मग बघतो.

---

भाड्याची_खोली

मी इथे फारसा लिहीत नाही. पण वाचून राहवलं नाही.

मोजपट्टीताई, तुमच्या गल्लीत यादी मोठ्याने वाचली, चांगलं केलंत. आमच्याही वस्तीत अशीच लोकांनी मोजणी केली होती. मी तिथे सात वर्षं पोटमाळ्यावर भाड्याने राहिलो. खाली मालकाचं कुटुंब, लोखंडी शिडीने वर मी आणि माझे दोन भाऊ. मोजणीच्या आदल्या रात्री मालक वर आले. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, "उद्या कोणी आलं तर तुम्ही पाहुणे आहात, लक्षात ठेवा." सर्वेक्षणाच्या बायका आल्या तेव्हा मी शिडीवर बसलेलो होतो. त्यांनी दारावर क्रमांक घातला, खालच्यांची नावं लिहिली. माझ्याकडे बघून एकीने विचारलं, "हे?" मालक म्हणाले, "गावाकडचे." तिने मान हलवली आणि पुढे गेली.

संध्याकाळी यादी वाचली तेव्हा मी तिथेच उभा होतो. शेजाऱ्यासमोर खोटं चालत नाही म्हणता, पण आमच्या गल्लीत प्रत्येक दुसऱ्या घरावर पोटमाळा होता. सगळे गप्प बसले, कारण सगळ्यांचंच तसं होतं. मीही गप्प बसलो. खोली गेली असती तर कुठे जाणार होतो?

पुनर्वसन झालं तेव्हा मालकाला घर मिळालं. आम्हाला आठ दिवस आधी सांगितलं. मी त्यांना दोष देत नाही. फक्त एवढंच की लोकांनी केलेल्या मोजणीतही लोक गळतात.

---

मोजपट्टी

@भाड्याची_खोली, दादा, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला, लगेच लिहायला हात होईना.

आमच्या वहीत भाडेकरूंचा रकाना होता. "भाडेकरू आहे का? हो / नाही." एवढाच. नावं लिहायला जागाच ठेवली नव्हती. आणि रकाना मालक भरायचा. आम्ही नऊ जणी, नऊही घरमालकिणी. मी त्यातली एक. तुम्ही शिडीवर बसलेले असताना मान हलवून पुढे गेलेली बाई आमच्यातलीच कोणी असू शकते. मी स्वतः असं किती वेळा केलं असेल हे मला सांगता येत नाही, आणि ते मला फार लागलं आहे.

---

नकाशावेडी

भाड्याची_खोली यांनी लिहिलं ते नकाशाच्या कामातही तसंच दिसतं. वरून छत दिसतं, छताखाली किती चुली आहेत ते दिसत नाही.

ओडिशाने २०१७ मध्ये झोपडपट्टीवासीयांना जमिनीचा हक्क देणारा कायदा केला आणि त्यासाठी ड्रोनने वस्त्या टिपल्या. ड्रोनमुळे काम भराभर झालं यात शंका नाही. पण छताच्या कडा कुठे संपतात, दोन पत्रे एकाच घराचे की दोन घरांचे, हे ठरवायला वस्तीतली माणसं सोबत घेऊन दारोदार जावंच लागलं.

नैरोबीचं किबेरा २००९ पर्यंत सार्वजनिक नकाशांवर जवळपास कोरं होतं. आफ्रिकेतल्या सर्वात मोठ्या वस्त्यांपैकी एक, आणि नकाशावर हिरवट रिकामी जागा. तिथल्या तरुणांनी जीपीएस घेऊन फिरून ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर, दवाखाने, पाण्याचे नळ, शाळा, संडास, अंधाऱ्या जागा टाकल्या. त्यातली एक गोष्ट मी कायम सांगते. तरुण मुलगे गेले तर वेगळ्या जागा येतात आणि मुली गेल्या तर वेगळ्या. रात्री कुठून जायचं नाही हे मुलींना विचारल्याशिवाय नकाशावर येत नाही.

भाडेकरूंबद्दल नैरोबीतल्याच मुकुरू या वस्तीचा अनुभव महत्त्वाचा. तिथे बहुसंख्य लोक भाडेकरू, खोल्यांचे मालक दुसरीकडे राहतात. ऑगस्ट २०१७ मध्ये मुकुरू विशेष नियोजन क्षेत्र जाहीर झालं, एक लाखाच्या आसपास कुटुंबं. त्याआधी मुंगानो वा वानाविजिजी ही वस्त्यांची संघटना आणि विद्यापीठांनी मिळून अभ्यास केला होता. त्यात दिसलं की गरीब माणूस पाण्याला आणि विजेला शहरातल्या सुस्थितीतल्या माणसापेक्षा जास्त दर मोजतो, कारण तो मधल्या दलालाकडून घेतो. हा आकडा भाडेकरूंकडूनच मिळाला, मालकाला तो ठाऊक असायचं कारण नव्हतं. मग सल्लामसलतीसाठी दहा-दहा घरांचे गट केले, तिथून वरचे गट. दार कोणाच्या मालकीचं यावर गट ठरला नाही, तिथे झोपतं कोण यावर ठरला.

उतारकाकांनी परवीन रहमान यांचं लिहिलंत. त्यामुळे एक विनंती, काढलेलं सगळं इंटरनेटवर टाकू नका. नळ, चेंबर, पुराची रेघ जरूर उघडी ठेवा. कोण भाड्याने राहतं, कोणाच्या घरी एकटी बाई आहे, कोणाकडे कागद नाहीत, हे वहीतच राहू द्या आणि वही कुलपात. आधी विचारा, मग नोंदवा, आणि कोणी "काढून टाका" म्हटलं तर खोडा.

---

पाणथळ

एक प्रांजळ प्रश्न. मी सोसायटीत राहतो, चौथ्या मजल्यावर. इथली चर्चा वस्त्यांची आहे आणि ती तशीच असावी. पण आमच्यासारख्यांनी काय मोजायचं?

---

उतार

@पाणथळ, पूर मोजा. मनापासून सांगतो. आमच्या खात्याकडे पावसाचे आकडे असायचे, नाल्याची रुंदी असायची. पाणी कोणत्या गल्लीत किती चढलं आणि किती वेळ थांबलं, याची नोंद क्वचितच असायची. पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ राहते. दोन दिवसांत कोणीतरी ती धुऊन टाकतं. त्याआधी टेप लावून जमिनीपासूनची उंची लिहा, तारीख आणि वेळ लिहा, शेजारी टेप धरून फोटो काढा. रखवालदाराला विचारा, त्याला पाण्याची वेळ मिनिटावर ठाऊक असते, कारण तो रात्रभर त्यात उभा असतो. चार पावसाळ्यांची अशी वही असेल तर कोणत्याही अभियंत्याला ती बाजूला सारता येणार नाही. मी असतो तर मला आली नसती.

---

रोजची_फेरी

पाणथळ यांच्या प्रश्नाला माझी जोड. सोसायटीच्या दारातून रोज कचरा जातो, तो कोण नेतं हेही बघा.

पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, कचरावेचकांची संघटना. डॉ. बाबा आढाव यांचं पाठबळ होतं. सुरुवातीला या बायकांना चोर समजून हटकलं जायचं. संघटनेने दोन गोष्टी केल्या. ओळखपत्र मिळवलं, आणि आपण किती कचरा वेगळा करतो याचा हिशोब मांडला. महापालिकेला जो कचरा उचलून, वाहून, टाकावा लागला असता तो आम्ही परस्पर कमी करतो, म्हणजे शहराचा खर्च आम्ही वाचवतो, हे आकड्यांनी दाखवलं. २००८ मध्ये त्यातून स्वच्छ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली.

मी असल्याच एका संघटनेत काम करते. वजनकाट्यावरची चिठ्ठी फार जपायची असते. आमच्या एका मावशींनी अकरा वर्षांच्या चिठ्ठ्या साखरेच्या पिशवीत ठेवल्या होत्या, वर्षावार रबर लावून. वाचता येत नव्हतं, पण रबराचा रंग ठरलेला. एका संशोधकाने त्या "नमुना" म्हणून मागितल्या. मावशी म्हणाल्या, इथे बसून लिहून घ्या. तो तीन दिवस बसला आणि लिहून घेतलं. त्याचं काम उत्तम झालं, आणि पिशवी अजून मावशींकडे आहे.

---

सावली

उन्हाचंही कोणीतरी लिहायला हवं. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली. नंतरच्या अभ्यासात दिसलं की त्या महिन्यात इतर वर्षांच्या मानाने १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यावरून २०१३ मध्ये शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. महिला हाउसिंग ट्रस्टसारख्या संस्थांनी वस्त्यांतल्या बायकांसोबत पत्र्यांना पांढरा परावर्तक रंग लावायचं काम घेतलं. हवामान खात्याचं तापमान सावलीतलं आणि मोकळ्या जागेतलं असतं. पत्र्याखाली दुपारी तीनला किती असतं ते तिथे तापमापक टांगल्याशिवाय कळत नाही.

---

दुपारची_वेळ

सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट अजून कोणी मांडली नाही. मोजपट्टीताई पहाटे साडेचारला उठल्या. नऊ जणी उठल्या. त्या दिवशी त्यांच्या घरचं पाणी कोणी भरलं, कामावर दांडी पडली का, त्या दिवसाची मजुरी गेली का?

मी बारा वर्षं वस्तीच्या समितीवर होते. बैठक नेहमी दुपारची, कारण दुपारी बायका "मोकळ्या" असतात असं धरलेलं. संशोधन प्रकल्पात तज्ज्ञाला मानधन, प्रवासखर्च. आम्हाला प्रमाणपत्र आणि फोटो. लोकांनी पुढाकार घ्यावा हे खरं, पण त्या पुढाकाराचे तास कोणीतरी भरत असतं आणि ते बहुतेक वेळा बाईचे असतात. माझं मत स्पष्ट आहे, मोजणी करणाऱ्या स्थानिक बाईला बाहेरून आलेल्या अन्वेषकाइतकीच मजुरी मिळाली पाहिजे. अंदाजपत्रकात तिची ओळ नसेल तर सहभाग शब्द वापरू नये.

आणि टिकण्याचं. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून नागरिक दरवर्षी सभा घेऊन शहराच्या बजेटचा काही भाग ठरवायचे. जगभर त्याची नक्कल झाली. पण २००४ नंतर सत्ता बदलली, पद्धत हळूहळू पोकळ होत गेली आणि २०१७ मध्ये थांबवलीच. कायद्यात न बांधलेली गोष्ट नेत्याच्या मर्जीवर राहते. याउलट थायलंडमध्ये २००३ पासूनच्या बान मानकाँग कार्यक्रमात वस्तीच्या बचतगटालाच कर्ज मिळतं आणि जमिनीचा करार वस्तीच्या सामूहिक नावावर होतो. सरकार बदललं तरी कागद लोकांच्या हातात राहतो. तुमच्या वहीसारखंच झालं हे.

---

आकडेमोड

@दुपारची_वेळ, मजुरीच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. पुढच्या वेळी मी सर्वेक्षणाचं अंदाजपत्रक करेन तेव्हा ती ओळ घालूनच करेन.

माझं आधीचं मत थोडं बदललं आहे. मला भीती वाढीव नावांची होती. भाड्याची_खोली यांच्या प्रतिसादानंतर वाटतं की गळलेली नावं हा जास्त मोठा दोष आहे. वाढीव नाव पडताळणीत पकडता येतं. गळलेल्या माणसाला पडताळणीलाही कोणी बोलवत नाही.

---

भाड्याची_खोली

एवढं सगळ्यांनी मनावर घेतलंत, बरं वाटलं. मोजपट्टीताई, एक विचारायचं होतं. तुम्ही पुन्हा मोजणी केलीत तर आमच्यासारख्यांचं कसं लिहाल? मालक तर तेव्हाही पाहुणेच म्हणेल.

---

मोजपट्टी

दादा, गेले चार दिवस याच कामात होते. आम्ही नऊपैकी सहा जणी अजून वस्तीत आहोत, त्या बसल्या. दोन भाडेकरू बायकांनाही बोलावलं, त्यातली एक आली.

तिने जे सांगितलं ते आम्हाला सुचलं नसतं. भाडेकरूंची यादी घरी जाऊन करू नका, म्हणाली. मालकासमोर कोणी बोलणार नाही. रविवारी सकाळी सार्वजनिक नळावर आणि शौचालयापाशी बसा, तिथे सगळे येतात, मालक सोबत नसतो. ज्याला सांगायचं तो सांगेल. नाव नको असेल तर नुसती माणसं आणि किती वर्षं एवढंच. ही यादी गल्लीत वाचायची नाही, वेगळ्या वहीत ठेवायची. आणि ती वही कुठल्याही घरमालकिणीकडे ठेवायची नाही असंही ती म्हणाली. थोडं झोंबलं, पण मान्य केलं. वही तिच्याकडे राहील. दोन्ही वह्यांना एकच क्रमांक जुळवण्यापुरता असेल.

क्रमांकाचं असं ठरलं: दाराला आहे तोच, आणि वर जाणाऱ्या प्रत्येक शिडीला स्वतंत्र. सत्तेचाळीस नंबरच्या घराचा पोटमाळा सत्तेचाळीस-व. दोन खोल्या असतील तर व-१, व-२. शिडीच्या पहिल्या पायरीवर रंगाने लिहायचा, म्हणजे दारातून पुढे जाताना नजर पडतेच. माणूस लिहायला तयार नसला तरी क्रमांक राहील, आणि वहीत त्या क्रमांकापुढची ओळ रिकामी ठेवायची, खोडायची नाही.

रंगाचा डबा आणला आहे. दुपारची_वेळ यांचं वाचून बैठक रात्री साडेआठला ठेवली आणि दोघींची दांडी भरून द्यायला वर्गणी काढली. परवा पहिल्या गल्लीत जातोय. त्या गल्लीत आम्ही मागच्या वेळी सव्वीस दारं लिहिली होती. आज नुसतं उभं राहून शिड्या मोजल्या, चौदा आहेत.